उपग्रह असताना ध्रुवीय प्रकाशासाठी जमिनीवर कॅमेरे कशाला?

उपग्रह वरून सगळे पाहत असताना ध्रुवीय प्रकाशाच्या, म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात रात्री झळकणाऱ्या रंगीत उजेडाच्या, अभ्यासासाठी कॅनडा-अलास्काच्या थंडीत कॅमेरे का बसवतात, असे आपण विचारले आहे. वडोदऱ्यात अनेक वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो.

उत्तरायणाच्या रात्री पतंगाच्या दोरीला बांधलेला तुक्कलचा कंदील किती उंच आहे, हे दांडिया बाजारातल्या आमच्या एका गच्चीवरून कळत नाही. मागच्या गल्लीतल्या गच्चीवरून मात्र तोच कंदील वेगळ्या ताऱ्याशेजारी दिसतो, आणि दोन गच्च्यांमधले अंतर ठाऊक असेल तर त्या फरकावरून उंची काढता येते. शास्त्रज्ञ कार्ल स्टॉर्मर यांनी १९१० मध्ये नॉर्वेतील बोसेकोप येथे ध्रुवीय प्रकाशासाठी हेच केले. दूरध्वनीने जोडलेल्या दोन ठिकाणांहून एकाच क्षणी छायाचित्रे घेऊन त्यांनी या प्रकाशाची उंची मोजली. त्याची खालची कड साधारण १०० किलोमीटरवर असते.

उपग्रहाची खरी अडचण त्याचा वेग ही आहे. सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो, म्हणजे प्रकाशाचा एखादा अरुंद पट्टा तो सेकंद-दोन सेकंदांत ओलांडतो. मोजमाप बदलले, तर पट्टा बदलला की आपणच पुढे सरकलो, हे त्याला एकट्याला सांगता येत नाही. जमिनीवरचा कॅमेरा तेच आकाश रात्रभर पाहतो. त्याला ढग आणि दिवसाचा उजेड मात्र आडवे येतात, आणि वातावरणात शोषले जाणारे अतिनील किरण त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. ते किरण टिपून ध्रुवाभोवतीचे प्रकाशाचे अख्खे कडे एका चित्रात दाखवण्याचे काम १९८१ मध्ये सोडलेल्या डायनॅमिक्स एक्सप्लोरर-१ या उपग्रहाने केले. शिवाय ज्यांच्या आदळण्याने हा प्रकाश उमटतो, त्या वरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा थेट मोजायची, तर उपग्रहाने तिथे जावेच लागते.

दोन्हींची सांगड किती मोलाची, हे नासाच्या थेमिस मोहिमेत दिसले. २००७ मध्ये पाच उपग्रह सोडले गेले आणि खाली सुमारे वीस केंद्रांवरचे कॅमेरे दर तीन सेकंदांनी सगळ्या आकाशाचे चित्र घेऊ लागले. २६ फेब्रुवारी २००८ रोजी चंद्राच्या अंतराच्या साधारण एक-तृतीयांशावर, पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत, म्हणजे सूर्याच्या विरुद्ध बाजूला लांब ताणल्या गेलेल्या तिच्या चुंबकीय क्षेत्रात, चुंबकीय बलरेषा तुटून पुन्हा जोडल्या गेल्याचे उपग्रहांनी नोंदवले, आणि त्यानंतर सुमारे दीड मिनिटाने खालच्या कॅमेऱ्यांत प्रकाश भडकलेला दिसला. आधी शेपटीत दूरवर बलरेषा तुटून जोडल्या जातात की पृथ्वीच्या जवळ खळबळ सुरू होते, या जुन्या वादात त्या दीड मिनिटाचे वजन मोठे होते, आणि कॅमेरे नसते तर ते मोजताच आले नसते.