शार्लटला लोभी म्हणावं का?

प्रश्न : मुलीला शाळेत इंग्रजीला जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) आहे. नायिका एलिझाबेथ बेनेटची मैत्रीण शार्लट लूकस ही पाद्री कॉलिन्सशी लग्न करते, त्याला तिने ‘लोभ’ म्हटलं आणि गुण गेले. प्रेम, लग्न आणि समाजाची बंधनं यावर उत्तर लिहायचं कसं?

उत्तर : आधी पैशाचा हिशेब मांडायला सांगा. बेनेट घराण्याचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, पण त्यांची लाँगबोर्नची इस्टेट पुरुष वारसाकडेच जायची, म्हणजे वडिलांनंतर नात्यातल्या कॉलिन्सकडे. एलिझाबेथला आईच्या पश्चात १,००० पौंड, तेही ४ टक्क्यांच्या रोख्यांत. वर्षाला ४० पौंड! एवढ्यावर ती लग्नाची मागणी घालणाऱ्या कॉलिन्सला नाही म्हणते. हा आकडा लिहिला की त्या नकाराचं धाडस वेगळं सांगावं लागत नाही.

शार्लट २७ वर्षांची, रूप बेताचं, माहेरी पैसा थोडा. तिचं लग्न ठरल्यावर घरात काय होतं ते २२व्या प्रकरणात पाहा. धाकट्या बहिणींना वाटतं, आता आपल्याला वर्ष-दोन वर्षं आधीच चारचौघांत मिरवता येईल. आणि बहीण बिनलग्नाची राहील ही भावांची धास्ती संपते. उत्तराचा गाभा इथे आहे. मात्र तिला बिचारी ठरवू नका. २८व्या प्रकरणात ती नवऱ्याच्या बागकामाला भरपूर उत्तेजन देते, आणि ३०व्यात बसायला चांगली ऐसपैस खोली सोडून मागची निवडते, म्हणजे तो आपल्याच खोलीत रमेल. तिने काय मिळवलं आणि काय गमावलं, दोन्ही त्या खोलीत दिसतं.

एक चूक हमखास होते : ‘तेव्हा इंग्लंडात मुलींना जमीन मिळतच नसे.’ हे खरं नाही. कॉलिन्सची आश्रयदाती लेडी कॅथरीन हिची मुलगी रोझिंग्ज या इस्टेटीची वारस आहेच. अट त्या-त्या इस्टेटीच्या कागदांत असे.

श्रीमंत डार्सीशी लग्न करून एलिझाबेथ वर्गाची भिंत पाडते, असंही लिहू नये. ५६व्या प्रकरणात तिचा मुद्दा उलटा आहे : डार्सी खानदानी गृहस्थ, मीही तशाच गृहस्थाची मुलगी, तेव्हा आम्ही बरोबरीचे. भिंतीच्या आतलाच हा हक्क आहे.

एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया विकहॅमबरोबर पळून जाते. तिच्यासाठी दोन ओळी पुरेत, पण आकडे हवेत. विकहॅमने तिच्याशी लग्न करावं म्हणून डार्सी त्याचं १,००० पौंडांहून जास्त कर्ज फेडतो, लिडियाच्या नावे आणखी १,००० ठेवतो, शिवाय त्याला सैन्यातली अधिकाऱ्याची जागा विकत घेऊन देतो. ५२व्या प्रकरणातल्या एलिझाबेथच्या मामी मिसेस गार्डिनर यांच्या पत्रात हे सगळं आहे, तिथूनच घ्यावं.