बंड्या सूड उगवतोय का?

प्रश्न : आमचा बंड्या चार वर्षांचा बोका. लहानपणीच नसबंदी केली आणि त्याने कधी घर घाण केलं नाही. दिवाळीनंतर मात्र बाल्कनीचा पडदा, सरकत्या दाराची चौकट आणि चपलांचं कपाट यांवर तो उभ्या-उभ्या लघवी उडवू लागलाय. शेजारच्या आजी जिन्यात भटक्या मांजरांना खायला घालतात. त्यांतला एक पिवळा बोका रात्री आमच्या ग्रिलवर येऊन बसतो. मी रोज फिनेलने पुसते, कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या, यजमानांनी पेपरची सुरळी करून फटकेही दिले. सासूबाई म्हणतात, हा सूड घेतोय, गावी नेऊन सोडा. काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, बाकी सगळं नंतर. आधी त्या डांबराच्या गोळ्या उचलून टाका आणि फिनेल बंद करा. दोन्ही मांजरांना विषारी आहेत. फिनॉलसारखी द्रव्यं पचवून बाहेर टाकण्याची माणसाच्या यकृताची जी सोय आहे, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. पुसलेल्या फरशीवरून चालून बंड्या पंजे चाटणार, म्हणजे ते पोटात जाणारच. आणि एवढं करून उपयोगही नाही. वास झाकला जातो तो आपल्या नाकापुरता. बंड्याला आपली खूण पुसट झालेली कळते आणि तो ती पुन्हा ताजी करतो.

सासूबाईंना माझा निरोप द्या : हा सूड नाही, घाबरलेल्या बोक्याचा पहारा आहे. जागा बघा ना. पडदा, चौकट, चपला. सगळं बाहेरच्या बाजूला लागून. चपला तर जिन्यातला वास घरात घेऊन येतात. त्याने बिछान्यावर किंवा कुणाच्या बॅगेवर उडवलं असतं तर मी घरात काय बदललंय ते विचारलं असतं. इथे संशयित ग्रिलवरच बसलाय. (पिवळी मांजरं बहुतेक बोकेच असतात, तेव्हा तुमचा अंदाज बरोबर असणार.) नसबंदी झालेल्या 10 बोक्यांपैकी साधारण एक असं फवारतोच, त्यामुळे ऑपरेशन फसलं असंही समजू नका.

तरी एकदा डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्या. शेपटी ताठ, टोक थरथरतंय आणि भिंतीवर वीतभर उंचीवर थोडीशी धार, ही खूण करण्याची लघवी. पण तो लिटरमध्ये (शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये) वारंवार बसून कुंथत असेल, थेंबच येत असतील किंवा काहीच येत नसेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती तुंबली तर दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

आता पिवळ्याचा बंदोबस्त. सरकत्या दाराच्या काचेला बंड्याच्या नजरेच्या उंचीपर्यंत दुधी फिल्म लावा, रात्री दार बंद ठेवा, ग्रिलला आतून जाळी मारा. आजींशी भांडू नका. त्यांच्या हातचं तो खातो, म्हणजे त्याला पकडून नसबंदीला नेणं त्यांच्याच मदतीने जमेल. खाण्याचं भांडं जिन्यातून खाली पार्किंगच्या टोकाला हलवायची विनंती करा. माझ्या मते निम्मं काम इथेच होईल.

डाग धुवायला एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात कालवा. तिने पुसून साध्या पाण्याने पुसा, वाळल्यावर सर्जिकल स्पिरिटचा हात फिरवा. पॉलिशवर आधी कोपऱ्यात करून बघा. पडदा धुवायलाच टाका. अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर नको, कारण लघवीलाही तोच वास. चपला काही दिवस झाकणाच्या कपाटात.

धुतलेल्या चौकटीजवळ नखं घासायचा खांब ठेवा, म्हणजे खूण करायची हौस तिथे भागेल. एका मांजराला लिटरच्या दोन ट्रे लागतात, वेगवेगळ्या जागी, वॉशिंग मशीनच्या खडखडाटापासून लांब. मांजराच्या चेहऱ्यावरच्या गंधाची नक्कल करणारे, प्लगला लावायचे डिफ्युझर मिळतात. महाग आहेत आणि सगळ्यांना लागू पडत नाहीत, पण महिनाभर लावून बघायला हरकत नाही. एवढ्यानेही थांबलं नाही तर डॉक्टर फ्लुओक्सेटिनसारखं, धास्ती कमी करणारं औषध देऊ शकतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ते मनानं बंद करायचं नसतं. माणसांच्या गोळीचा तुकडा मोडून देणं तर अजिबात नको.

यजमानांची सुरळी रद्दीत जाऊ द्या. मार खाल्ल्यावर बोका आणखी धास्तावतो आणि तुमची पाठ वळली की उडवतो.

गावी सोडायचं म्हणाल, तर इथे एका बोक्याने त्याची ही अवस्था केली. तिथे अंगणाअंगणात मालकी सांगणारे बसलेत आणि याने जन्मात उंदीर मारलेला नसेल. फिल्म आणि जाळी लावून महिनाभराने पुन्हा लिहा. तोवर कुठे, किती वाजता उडवतो तेवढं कॅलेंडरवर टिपत जा; डॉक्टरांनाही ते उपयोगी पडेल.