दहापैकी नऊ अंदाज बरोबर

“पोऱ्या हातमा ऱ्हायना नही, ताई. रातभर बिटकॉइन पाहतो. हा धंदा आहे का सट्टा?” पारोळ्याकडच्या एका आईचा हा प्रश्न. जळगावच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो आता इतक्या घरांतून येतो, की एकदा नीट लिहावं असं वाटलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा चोवीस वर्षांचा, इंजिनिअर झालेला. पहिल्या भेटीत तोच मला शिकवत होता आणि मी मनापासून शिकले. समोरच्याला ज्याचा अभिमान आहे ते आधी समजून घ्यायचं, ही माझी जुनी सवय आहे.

तो पैसे लावायचा तो ऑनलाइन बाजार पंधरा मिनिटांचा. सुरुवातीच्या भावापेक्षा बिटकॉइन शेवटी वर असेल की खाली, एवढाच प्रश्न. ‘वर’ किंवा ‘खाली’ विकत घ्यायचं. खरं ठरलं तर 1 डॉलर, म्हणजे 100 सेंट, नाहीतर शून्य. तोवर त्याची किंमत सेंटांत हलत राहते. 90 सेंट म्हणजे बाजाराच्या मते साधारण 90 टक्के शक्यता. निकाल कोणत्या भावावर लागणार ते नियमांत आधीच लिहिलेलं असतं. कुठे ठरलेल्या स्रोताचा त्या क्षणाचा भाव, तर कुठे शेवटच्या 60 सेकंदांची सरासरी. आपल्या मोबाईलवर दिसतो तो आकडा वेगळा असू शकतो. “दोनदा माझ्या स्क्रीनवर मी जिंकलेलो होतो, मॅडम,” हे सांगताना त्याचा आवाज कापला.

मला मटका आठवला. मुंबईत तो आकडा सुरू झाला तेव्हा पैसे लागायचे ते न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवर. कापूस पिकवणाऱ्या खानदेशाने हे विसरू नये.

चौथ्या भेटीत तो म्हणाला, “माझे दहापैकी नऊ अंदाज बरोबर येतात.”

“कितीला घेतोस?”

“शेवटच्या दोन मिनिटांत. नव्वद सेंटला.”

मी कागद-पेन पुढे सरकवलं. नऊ वेळा दहा-दहा सेंट आले, झाले 90. एकदा चुकलं, 90 गेले. त्याने उत्तराखाली रेघ मारली आणि पेन तसंच धरून बसला.

“यात फी धरलीस?”

“नाही.” मग बऱ्याच वेळाने, “म्हणजे मला वेगळं काहीच कळत नव्हतं. जे कळत होतं ते भावात आधीच होतं.”

मी गप्प राहिले. अशा वेळी बोलायचं नसतं, हे मला फार वर्षांनी जमू लागलं आहे. मग तो आपणहून वडिलांविषयी बोलू लागला. 2022 मध्ये कापूस क्विंटलला 10 हजारांच्या वर गेलेला पाहून वडिलांनी पुढच्या हंगामातला कापूस घरात भरून ठेवला. भाव उतरला. “गावात सगळे म्हणाले, अप्पांचा अंदाज चुकला. माझा चुकायलाच नको होता.”

तो ‘च’! इतक्या वर्षांच्या कामातून माझं मत पक्कं झालंय, की छळणाऱ्या विचारात कुठेतरी असा एक ‘च’ दडलेला असतो. तिथून पुढे आम्ही बिटकॉइनवर जवळजवळ बोललोच नाही.

पालकांनो, पैसे लावून निकालाची वाट पाहणं हा सट्टाच, नाव काहीही असो. 2025 साली पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा केंद्रीय कायदा झाला. त्याचा रोख खेळवणाऱ्यांवर आहे, त्यामुळे मुलाला पोलिसांची भीती घालू नका. गुपचूप कर्जही फेडू नका. आधी सगळा आकडा एका कागदावर त्याच्याच हाताने लिहून घ्या आणि काही महिने पैशांचा व्यवहार घरातल्या दुसऱ्याकडे ठेवा. “एकदा भरून काढतो, मग बंद” हे वाक्य ऐकू आलं, की त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. झोप उडाली असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा असेल, तर त्याला एकटं सोडू नका.

गेल्या महिन्यात तो येऊन गेला. वडिलांनी विचारलं होतं, कापूस आता विकू का थांबू? “मी म्हटलं, अप्पा, मला माहीत नाही. मग आम्ही दोघांनी बसून अर्धा विकायचं ठरवलं.”