कोलाडला कुंडलिका नदीवर जाण्याआधी व्हाइटवॉटर कयाकचा, म्हणजे खळाळत्या नदीसाठीच्या वल्ह्याच्या छोट्या होडीचा, सराव नवी मुंबईच्या खाडीत करता येईल का? कुठून उतरावं?

करता येईल. फक्त जागेच्या आधी तिथी बघा. पाऊणपटीचा जुना हिशेब इथे अजून कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती आणखी थोडी उशिरा पोहोचते, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच.

नवख्यांना मी दशमीच्या आसपासची सकाळ सांगतो. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे, दिवस असल्याने ओढ कमी असते, आणि उजाडताना उतरलात तर भरतीचा शेवटचा तास-दीड तास मिळतो. पाणी फिरलं की त्याच्यासोबत परत यायचं, आणि काठाला पाणी आहे तोवर बाहेर पडायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. उधाणाच्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटर खाली जातं, आणि सकाळी जिथून उतरलात तिथे मांडीपर्यंत चिखल उरतो. त्या चिखलातून कयाक ओढत बाहेर येणं म्हणजे खरा धोका. माणूस रुततो, घाबरतो, दमतो.

आता जागा. वाशी पूल ते ऐरोली पूल हा पट्टा टाळा. ते ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ साली जाहीर झालेलं आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे वल्हवायचं नाही, आणि चरणाऱ्या थव्यात होडी घालणं मला तरी सहन होत नाही. त्यापेक्षा बेलापूरची बाजू बरी. तिथून भरती पनवेलच्या अंगाला आत जाते. जेट्टी वापरायची तर आधी परवानगी विचारा, कोळी बांधवांशी बोला. जाळी कुठे लावली आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पायात जाड तळव्याचे बूट हवेतच, दगडांना चिकटलेली कालवं पाय चिरतात. उघडी जखम असेल तर त्या दिवशी उतरू नका, या पाण्यात सांडपाणी आहे. उलटून सरळ होण्याचा सराव, म्हणजे रोल, म्हणूनच तलावात करा.

व्हाइटवॉटर कयाक आखूड आणि चटकन वळणारी. खाडीत ती नाक सरळ ठेवत नाही, त्यामुळे लांबचा पल्ला धरू नका. प्रवाह तिरका कापण्याचा सराव करा, आणि तो चढत्या भरतीतच. उलटलात तर भरती तुम्हाला आत नेईल, ओहोटी बंदराकडे. पुलाच्या खांबांपासून लांब राहा. लाइफ जॅकेट घाला, एकटे जाऊ नका, पावसाळ्यात अजिबात नको.

कोलाडला मात्र चंद्राचा संबंध नाही. कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातल्या वीजनिर्मितीनंतर सोडलं जातं, बहुधा सकाळी, आणि ते थांबलं की नदी उतरते. तिथे काठालगतच्या संथ पाण्यात, नाक प्रवाहाच्या उलट्या दिशेला ठेवून बसायचं, स्कर्ट, म्हणजे कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती असतं ते आवरण, नीट लावायचा, मगच धारेत शिरायचं. पहिल्या वेळी तिथल्या गाइडसोबतच उतरा, आणि पाणी किती वाजता सोडणार हे आदल्या संध्याकाळी त्यालाच विचारून ठेवा.