थीसिसचे रेफरन्स: वेळ कशावर घालवायचा

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: एम.फार्म.चा थीसिस गुळवेलीच्या गोळ्यांवर आहे आणि पुढच्या महिन्यात जमा करायचाय. रेफरन्स लिहायला गाइड व्हँकूवर शैली म्हणतात, पण ज्या जर्नलला पेपर पाठवणार ते एएमए (अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शैली) मागतं, मग यादी दोनदा करायची का? सॉफ्टवेअर वापरावं का? फार्माकोपिया (औषधांच्या दर्जाची अधिकृत मानकं), आयसीएच (औषधांचे नियम जुळवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आणि चरकसंहिता यादीत कशी लिहायची? आणि मैत्रीण म्हणते, "रेफरन्स कोण वाचतंय", तर त्यावर इतका जीव काढावा का?

मी पुण्यात बरीच वर्षं वैद्यकीय लेखनाचं संपादन करते आणि त्यातला मोठा वेळ रेफरन्स तपासण्यातच जातो. म्हणून शेवटचा प्रश्न आधी घेते. त्याचं उत्तर कळलं की बाकीच्यांना किती वेळ द्यायचा ते आपोआप ठरतं.

१९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. इस्पितळात दाखल असताना निदान एकदा तरी नार्कोटिक औषध मिळालेले ११,८८२ रुग्ण पाहिले, त्यांत व्यसन लागल्याची नीट नोंद असलेली माणसं फक्त चार, एवढाच त्याचा मजकूर. घरी महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. २०१७ मध्ये काही संशोधकांनी या पत्राचा उल्लेख कुठे कुठे झाला ते मोजलं आणि ते त्याच जर्नलमध्ये छापलं. ६०८ उल्लेख सापडले. त्यांतल्या ४३९ लेखांनी 'या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून ते पत्र दिलं होतं आणि ४९१ लेखांनी ते रुग्ण इस्पितळात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. उत्तर अमेरिकेत ओपिऑइडमुळे, म्हणजे याच नार्कोटिक वेदनाशामकांमुळे, जो हाहाकार उडाला, त्याला या बेफिकीर उल्लेखांनी हातभार लावला असं त्या संशोधकांनी स्पष्ट लिहिलंय. स्वल्पविराम, टिंबं, पानाचा आकडा सगळं जागच्या जागी असूनही रेफरन्स इतका चुकीचा असू शकतो. तेव्हा मैत्रिणीला सांगा, वाचतात. आणि मूळ पत्र कुणी उघडून पाहत नाही तेव्हा माणसं मरतात.

आता तुम्ही नमुन्याला टाकलेलं वाक्य घेऊ: "गुळवेल रक्तातली साखर कमी करते आणि ती सुरक्षित आहे (७-१४)." या वाक्यात दोन दावे आहेत आणि मागे आठ पेपरची मोळी बांधलेली आहे. साखर कमी झाली ती उंदरांत की माणसांत? खोडाचा अर्क होता की सत्त्व? सुरक्षितता कुणी तपासली, किती दिवस? वाचणाऱ्याने आठही पेपर उपसल्याशिवाय हे कळणार नाही. वाक्य तोडा. उंदरांवरच्या कामाचा आकडा 'उंदरांमध्ये' या शब्दाच्या लगेच पुढे द्या, माणसांवरच्या अभ्यासाचा त्याच्या दाव्यापुढे. परिच्छेदाच्या शेवटी आकड्यांची माळ लावायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि गाइडही ती खपवून घेतात, याचं मला वाईट वाटतं.

सुरक्षिततेचं तर अधिकच जपून लिहा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती छापली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया (म्हणजे गुळवेल) नसून टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जातही असू शकते. तुमच्या थीसिसमध्ये दोन्ही बाजू यायला हव्यात, आणि यादी वाचूनच कळायला हवं की पहिली गोष्ट जर्नलमधली रुग्णमालिका आहे नि दुसरी सरकारी प्रसिद्धिपत्रक. प्रसिद्धिपत्रकाला जर्नलसारखा सजवू नका. जारी करणारं मंत्रालय, शीर्षक, तारीख, इंटरनेटवरचा पत्ता आणि तुम्ही ते कधी पाहिलं ती तारीख, एवढं पुरे.

व्हँकूवरकडे वळते. १९७८ मध्ये वैद्यकीय जर्नलांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकूवरला जमले आणि सगळ्यांनी लेख एकाच पद्धतीने मागवायचं ठरवलं. त्याच गटाची पुढे आयसीएमजेई ही वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली. रेफरन्सचे बारीक नियम अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या (एनएलएम) पद्धतीवर चालतात. मजकुरात जो रेफरन्स पहिल्यांदा येतो तो १, पुढचा २, आणि तोच पेपर पुन्हा आला तर जुनाच आकडा. एखादा पेपर फक्त तक्त्यात आला असेल, तर त्या तक्त्याचा उल्लेख मजकुरात पहिल्यांदा जिथे होतो तिथला क्रम त्याला मिळतो. हे बहुतेकांच्या थीसिसमध्ये चुकतं.

वर सांगितलेलं पत्र यादीत असं दिसेल (इथे देवनागरीत लिहिते, तुमच्या यादीत अर्थात रोमन लिपीत): पोर्टर जे, जिक एच. अ‍ॅडिक्शन रेअर इन पेशंट्स ट्रीटेड विथ नार्कोटिक्स. एन इंग्ल जे मेड. १९८०;३०२(२):१२३. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, त्यांच्यामध्ये टिंब नाही. शीर्षकात फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं कॅपिटल. वर्षानंतर अर्धविराम, मग खंड, कंसात अंक (इश्यू), अपूर्णविराम, पान, आणि यांच्यामध्ये कुठेही जागा सोडायची नाही.

आद्याक्षरांवरून आठवलं. आपली नावं इथे घात करतात. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मग आडनाव, त्यामुळे आद्याक्षरं दोन. दक्षिणेकडच्या अनेकांना आडनावच नसतं. पुढे लावलेलं अक्षर गावाचं किंवा वडिलांचं असतं आणि डेटाबेस मात्र शेवटचा शब्द आडनाव समजून मोकळा होतो. एकाच बाईंचे लग्नाआधीचे नि नंतरचे पेपर दोन आडनावांनी असतात. उपाय एकच: त्या पेपरवर जसं छापलंय तसंच लिहायचं, आपल्या माहितीने 'सुधारायचं' नाही.

जर्नलचं संक्षिप्त नाव मनाने बनवू नका. एनएलएम कॅटलॉगमध्ये प्रत्येक नावाचं ठरलेलं रूप मिळतं. इंडियन जर्नल ऑफ फार्मास्युटिकल सायन्सेसचं 'इंडियन जे फार्म साय' होतं. 'इंडियन' हा शब्द तोडायचा नाही, तरी 'इंड जे' असं लिहिलेलं मला दर यादीत सापडतं. एका शब्दाचं नाव, म्हणजे लॅन्सेट किंवा नेचर, पूर्णच लिहायचं. फार्मसीत हे अधिक जपावं लागतं, कारण सारख्या नावांची जर्नलं ढीगभर आहेत. 'इंट जे फार्म' म्हणजे इंटरनॅशनल जर्नल ऑफ फार्मास्युटिक्स. एखाद्या भलत्याच जर्नलला तुम्ही ते नाव दिलंत तर वाचणारा भलत्याच कपाटात शोधत बसेल.

एएमए हे याच घरातलं भावंड. फरक मोजके आहेत. व्हँकूवरच्या नमुन्यात सहा लेखकांपर्यंत सगळे आणि त्याहून जास्त असतील तर पहिले सहा देऊन एट अल. (म्हणजे 'आणि इतर'); एएमएमध्येही सहापर्यंत सगळे, पण जास्त असतील तर पहिले तीनच. पानं व्हँकूवरमध्ये २१९४-५, एएमएमध्ये २१९४-२१९५. एएमएमध्ये जर्नलचं नाव इटॅलिक, मजकुरातला आकडा सुपरस्क्रिप्ट, आणि तो पूर्णविराम व स्वल्पविरामाच्या नंतर पण अर्धविराम व अपूर्णविरामाच्या आधी. शेवटी डीओआय (पेपरचा इंटरनेटवरचा कायमचा ओळखक्रमांक), त्यापुढे टिंब नाही.

यासाठी यादी दोनदा टाइप करायची अजिबात गरज नाही. झोटेरो हे रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. वर्डला जोडा, शैली बदला, क्षणात अख्खी यादी बदलते. कॉलेजने मेंडेली किंवा एंडनोट दिलं असेल तर तेही चालेल. नोंद घालताना मात्र पबमेडचा (वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसचा) क्रमांक किंवा डीओआय द्या. गूगल स्कॉलरवरून उचललेल्या नोंदींत अंक गायब असतो, शीर्षक सगळं कॅपिटल येतं, वनस्पतीचं नाव इटॅलिक राहत नाही. सॉफ्टवेअर कचरा घेऊन तो नीटनेटका मांडून देतं, त्यामुळे प्रत्येक नोंद घातल्या घातल्या मूळ पीडीएफच्या पहिल्या पानाशी ताडून बघा. शेवटी महिनाभराचं एकदम तपासायला गेलात तर डोळे फिरतात आणि चुका सुटतात.

फार्माकोपियाबद्दल बोलते, कारण तुमच्या कामाचा पाया तो आहे. आयपीचं (इंडियन फार्माकोपियाचं) नाव, वर्ष, गाझियाबाद, इंडियन फार्माकोपिया कमिशन, खंड आणि मोनोग्राफचं (त्या औषधावरच्या नोंदीचं) पान, हे सगळं हवं. नुसतं 'आयपी' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. आवृत्तीगणिक मोनोग्राफमधल्या चाचण्या आणि मर्यादा बदलतात, शिवाय मधल्या काळात पुरवण्या निघतात. तुमची मर्यादा २०१८ च्या आवृत्तीतून घेतलेली असेल आणि यादीत २०२२ असेल, तर परीक्षक पुस्तक उघडेल तेव्हा आकडे जुळणार नाहीत आणि शंका तुमच्या प्रयोगावर येईल.

आयसीएचचंही तसंच. एचपीएलसी या रासायनिक विश्लेषणाच्या पद्धतीच्या व्हॅलिडेशनसाठी (ती भरवशाची आहे हे दाखवण्यासाठी) सगळे आयसीएचचं क्यू२(आर१) हे मार्गदर्शक लिहितात. ते २००५ चं. २०२३ च्या नोव्हेंबरात क्यू२(आर२) आलं. तुम्ही ज्याच्या निकषांवर काम केलंत तेच लिहा, नवं दिसावं म्हणून आर२ टाकू नका. संस्थेचं नावही बघून लिहा: २०१५ पर्यंत ती 'इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन हार्मोनायझेशन' होती, त्यानंतर 'कौन्सिल' झाली. २००५ च्या कागदावर जुनंच नाव आहे, तेच द्यायचं. कायदा किंवा नियम असतील तर राजपत्राचा क्रमांक नि तारीख लागते. उदाहरणार्थ, न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९ चा क्रमांक जी.एस.आर. २२७(ई), तारीख १९ मार्च २०१९.

चरकसंहितेत बहुतेकजण 'चरक' लिहून थांबतात. तिथे दोन गोष्टी लागतात. यादीत छापील प्रत: संपादक, टीका (सोबतचं भाष्य), प्रकाशक, गाव, आणि तुमच्या हातातल्या प्रतीचं वर्ष. मजकुरात स्थान, अध्याय, श्लोक. आवृत्ती सांगितलीच पाहिजे, कारण श्लोकांचे क्रमांक आवृत्तीगणिक पुढेमागे होतात. पुनर्मुद्रण वापरलं असेल तर तसं नोंदवा. वाराणसीचा प्रकाशक आणि मुंबईच्या निर्णयसागरचं वर्ष अशी खिचडी मी कितीतरी याद्यांत पाहिली आहे. ज्या गावात भांडारकर संस्थेने महाभारताचा कोणता पाठ कोणत्या पोथीत आहे हे तळटीपांत नोंदवत १९६६ पर्यंत चिकित्सित आवृत्ती पुरी केली, त्या गावातल्या थीसिसमध्ये चरकाची प्रत कुठली हे तरी कळायला हवं.

एआयकडून रेफरन्स मागणार असाल तर माझं सरळ सांगणं आहे, मागू नका. शीर्षक अगदी पटेल असं, जर्नल खरं, आणि पेपर अस्तित्वातच नाही, अशा नोंदी माझ्याकडे आता नियमित येतात. एआय येण्याआधीही असं झालेलं आहे. एका मोठ्या प्रकाशकाने लेखकांना नमुना म्हणून 'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल' नावाचा काल्पनिक रेफरन्स दिला होता, तो शेकडो लेखांच्या यादीत खराखुरा म्हणून छापला गेला. मजकुरातला नमुना खोडायचा राहिला आणि कुणी उघडून पाहिलं नाही. प्रत्येक डीओआय ब्राउझरमध्ये टाकून उघडणारं पान तुमच्याच पेपरचं आहे ना, एवढं बघा. त्याच वेळी तो पेपर मागे घेतलेला नाही ना, हेही कळेल. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधला पेपर मे २०२० मध्ये आला आणि जूनच्या सुरुवातीलाच मागे घेतला गेला, तरी तो नंतरच्या याद्यांत दिसत राहिला. तुमच्या संग्रहात असा पेपर असेल तर झोटेरो ठळक इशारा देतं.

तुमच्या हातात महिना आहे. आधी लायब्ररीत बसून करायचं उरका: फार्माकोपियाचे मोनोग्राफ, संहिता, जुनी पुस्तकं. शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो काढून ठेवा, प्रकाशक नि वर्ष तिथेच असतं. मग एकेका प्रकरणातले दावे आणि आकडे ताडून पाहा. शैली लावणं सगळ्यात शेवटी, गाइडनी शेवटचा बदल सांगितल्यावर. झोटेरोचे दुवे तोडण्याआधी फाइलची एक जोडलेली प्रत वेगळी ठेवा, जर्नलसाठी एएमए करताना तीच लागेल. आणि अप्पा बळवंत चौकात बाइंडिंगला देण्याच्या आदल्या दिवशी मजकुरातले आकडे एकदा १ पासून शेवटपर्यंत बोट ठेवून मोजा, मधला एखादा गळलेला असतो. त्या गुळवेलीच्या वाक्याचे दोन भाग करून इथे टाकलेत तर मी बघून देईन.