फरशीला उतार आहे, मॅडम

"घराबाहेर पडायचं नावच घेत नाहीत हो." नाशिकच्या अंबड-सातपूर कारखान्यांच्या भागातून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या किती बायकांनी, किती आयांनी हे वाक्य ऐकवलं, त्याची मोजदाद नाही. कोणाच्या घरी मशिनमध्ये हात गेलेला, कोणाला पक्षाघात, कोणाचा पाय जन्मापासून अधू. लोक बघतात म्हणून माणूस कोंडून घेतो, आणि घरचे विचारतात, आम्ही करावं तरी काय?

एकाची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. फिटर, चाळिशीच्या आतला. उजवा हात मनगटाच्या वरून गेलेला. जखम भरून वर्ष होत आलं, तरी तो हात कायम पँटच्या खिशात. तीनदा आला, तिन्ही वेळा बायकोच बोलली. चौथ्या वेळी मी तिला बाहेर बसवलं आणि कपाटामागून पटर काढला, म्हणजे गोल्फचा चेंडू हलकेच भोकाकडे ढकलायची काठी.

पटर कुठून आला? मी रोज गोल्फ क्लबवर चालायला जाते. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला नाशिककर अजून तेच म्हणतात. तिथे क्रिकेट रंगतं, गोल्फ नावापुरता. चालायला येणाऱ्या एका निवृत्त फौजी काकांनी जुना पटर मला देऊन टाकला होता.

"मी क्रिकेटवाला, मॅडम. आणि तेही उजव्या हाताचा."

"क्रिकेटचा चेंडू अंगावर येतो, भाऊ. हा जागचा हलत नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा."

मी सतरंजी अंथरली, टोकाला पेला आडवा ठेवला. चेंडू हुकला. पुन्हा हुकला. मग मी, सवयीप्रमाणे, भाषण दिलं: 1931च्या अपघातात दोन्ही पाय गमावलेला ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर पुढे गोल्फ खेळायचा. ऐकू न येणारी आपली दीक्षा डागर 2017च्या डेफलिंपिक्समध्ये रौप्य जिंकली, नंतर टोकियो ऑलिंपिकलाही गेली. 2023पासून गोल्फच्या नियमावलीत दिव्यांग खेळाडूंसाठी 25वा नियमच आहे. आणि गोल्फमध्ये 'हँडिकॅप' म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत, म्हणजे बरोबरीनं खेळता यावं.

"ते राहू द्या," तो म्हणाला. "तुमच्या फरशीला उतार आहे."

पुढच्या वेळी पिशवीतून स्पिरिट लेव्हल, म्हणजे उतार दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, घेऊन आला. सतरंजी गुंडाळली, गुडघ्यांवर बसला, डाव्या हातानं लेव्हल टेकवली. ती सरकू लागली तसा खिशातला हात बाहेर आला आणि त्यानं ती दाबून धरली. बुडबुडा खिडकीकडे गेला. "बघा," तो म्हणाला. मी बुडबुड्याकडे बघत राहिले, हाताकडे नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एवढं गप्प राहणं क्वचितच जमलंय.

मग चेंडू पुन्हा हुकला आणि नेहमीचं वाक्य आलं, "मी कामातून गेलो."

"एक नग रिजेक्ट झाला की मशिन भंगारात काढता?"

बराच वेळ शांतता. "नाही. सेटिंग बघतो."

माझं मत विचाराल तर सगळं इथेच आहे. चूक फटक्याची असते. तिच्यावरून अख्ख्या माणसाची किंमत ठरवायची खोड आपली. ही खोड गप्पांनी सुटायला महिने लागतात. चेंडू ती दहा मिनिटांत वीसदा समोर आणतो. पण रोज आणावी लागते.

घरी करायचं असेल तर महागडं काही आणू नका. जुना पटर, नाहीतर टोकाला लाकडी ठोकळा ठोकलेली काठी. खऱ्या गोल्फचं भोक 108 मिलिमीटरचं, म्हणजे तेवढी वाटीही चालेल. तोल जात असेल तर खुर्चीत बसून खेळा, पण आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून. "वा, वा!" करू नका. मोठ्या माणसाला लहान मुलासारखं कौतुक नको असतं. आणि झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं असेल, तर पटर बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

महिन्याभरानं त्याच्या बायकोचा फोन आला, वैतागलेला. "मॅडम, घरभर लेव्हल लावत फिरतात. काल मोरीचा उतार उलटा निघाला, तर फरशीवाल्याशी भांडायला चौकात गेलेत. अजून आले नाहीत."