रीलोड केल्यावर जुनीच जावास्क्रिप्ट परत का येते?

तुम्ही म्हणता: फाइल बदलून सेव्ह केली तरी क्रोमच्या सोर्सेस टॅबमध्ये जुनाच कोड दिसतो. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबलं की नवा येतो, पण पुढच्या साध्या रीलोडला पुन्हा जुना. नेटवर्क टॅबमधल्या 'डिसेबल कॅश'वर टिक केली तरी तेच, इन्कॉग्निटोत मात्र सगळं बरोबर.

इतकं नेमकं लिहिलंत म्हणून निदान सोपं झालं. नेहमीची एचटीटीपी कॅश (ब्राउझर आपोआप ठेवतो तो फाइलींचा साठा) असती, तर कंट्रोल-शिफ्ट-आरने आलेली नवी फाइल जुनीच्या जागी जाऊन बसली असती आणि जुनी परत आलीच नसती. तुमच्याकडे ती परत येते, म्हणजे कुणीतरी तिची वेगळी प्रत जपून ठेवली आहे. हे काम सर्व्हिस वर्करचं, म्हणजे पान आणि सर्व्हर यांच्या मधे बसून फाइलींच्या मागण्या अडवणाऱ्या आणि स्वतःच्या साठ्यातून उत्तर देऊ शकणाऱ्या स्क्रिप्टचं. कंट्रोल-शिफ्ट-आर त्या एका लोडपुरतं त्याला बाजूला ठेवतं. 'डिसेबल कॅश' त्याच्या साठ्याला हातही लावत नाही.

खात्री करायची तर नेटवर्क टॅबमध्ये त्या फाइलच्या ओळीत 'साइझ'चा रकाना बघा. तिथे 'सर्व्हिस वर्कर' लिहिलेलं असेल तर शंका मिटली. 'डिस्क कॅश' किंवा 'मेमरी कॅश' असेल तर माझा अंदाज चुकला.

"पण माझ्या प्रोजेक्टमध्ये सर्व्हिस वर्कर नाहीच," असं तुम्ही म्हणाल. मीही हेच म्हणत होतो आणि त्यात माझा अख्खा दिवस गेला. वर्कर नोंदवला जातो तो ओरिजिनवर, म्हणजे लोकलहोस्ट आणि पोर्ट या जोडीवर. तुमचा फोल्डर कोणता याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मी आधीच्या एका प्रोजेक्टचा बिल्ड (कोडपासून बनवलेल्या तयार फाइली) ३००० पोर्टवर चालवून पाहिला होता. नवा प्रोजेक्ट त्याच पोर्टवर आला आणि जुन्याचा वर्कर त्याच्याही फाइली अडवत बसला. दोन्हीकडे फाइलचं नाव एकच होतं, त्यामुळे तो त्याच्याकडची जुनी प्रत पुढे करायचा. तुम्हीही त्या पोर्टवर आधी काय काय चालवलं होतं ते आठवून बघा.

उपाय असा: अॅप्लिकेशन टॅबमध्ये 'सर्व्हिस वर्कर्स' उघडून 'अनरजिस्टर' करा. मग त्याच टॅबच्या 'स्टोरेज' भागात 'क्लिअर साइट डेटा' दाबा आणि पान पुन्हा उघडा. याने लोकल स्टोरेज, इंडेक्स्ड-डीबी, लॉगिनच्या कुकीसुद्धा जातात. चाचणीचा डेटा हवा असेल तर आधी काढून ठेवा.

वर्कर तुमच्याच कोडमधला निघाला तर तो पुढच्या लोडला पुन्हा नोंदवला जाईल. डीबग करेपर्यंत तिथेच 'बायपास फॉर नेटवर्क'वर टिक ठेवा. ही टिक डेव्हटूल्स (हे सगळे टॅब असलेली क्रोमची खिडकी) उघडी असेपर्यंतच चालते. खरी दुरुस्ती मात्र कोडमध्येच करायला हवी: प्रत्येक आवृत्तीला कॅशचं नाव बदला, वर्करच्या 'अॅक्टिव्हेट' इव्हेंटमध्ये जुन्या नावाच्या कॅश पुसा, आणि लोकलहोस्टवर वर्कर नोंदवूच नका. हे मनावर घ्या, कारण तुमच्या वापरकर्त्याकडे डेव्हटूल्स उघडायला कुणी नसतं. त्याच्या ब्राउझरात अडकलेला जुना वर्कर काढायचा असेल तर सर्व्हरवरून ती फाइल नुसती उडवू नका. त्याच पत्त्यावर स्वतःची नोंदणी रद्द करणारा छोटा वर्कर ठेवा.

इन्कॉग्निटोतही जुनंच दिसतं असं कुणाचं असेल, तर बहुधा ब्राउझरचा दोष नाही. टर्मिनलवरून कर्लने (ब्राउझरशिवाय फाइल मागवणाऱ्या कमांडने) फाइल मागवून बघा. तिथेही जुनी आली तर सर्व्हरच जुनी देतोय. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीनच्या शेअर्ड फोल्डरमधून एनजिनएक्स किंवा अपाची हे वेब सर्व्हर चालवणाऱ्यांनी त्यांच्या सेटिंगमधलं 'सेंडफाइल' बंद करावं. त्या जोडीत बदललेली फाइल जुनी किंवा अर्धवट येण्याचा दोष बराच जुना आहे.

आणि कोड नवा चालतोय, पण ब्रेकपॉइंट भलत्याच ओळीवर थांबतोय, असं असेल तर सोर्स मॅप (बिल्डमधला कोड मूळ कोडच्या ओळींशी जुळवणारी फाइल) जुना राहिला आहे. फाइलच्या पहिल्या ओळीत वेळ छापणारा कन्सोल-लॉग टाका. कन्सोलमध्ये नवी वेळ येते आणि सोर्सेसमध्ये ती ओळच दिसत नाही, असं झालं तर बिल्ड फोल्डर रिकामा करून नव्याने बिल्ड करा.

वर्कर काढूनही जुनंच आलं तर साइझच्या रकान्यात काय लिहून येतं तेवढं इथे कळवा, पुढचं मग बघू.